‘हॅलो’खालची एक ओळ

“मैत्रिणीचं नाव होतं ते त्याच्या!” टंकलेखक खुर्चीतून अर्धा उठून म्हणाला. “टेलिफोन ज्यानं काढला ना, त्याची मैत्रीण. पहिला फोन त्यानं तिलाच लावला. तेव्हापासून सगळं जग त्या बाईच्या नावानं ओरडतंय.”

“आणि फोन उचलणारासुद्धा तेच नाव घेतो, ते का?” सरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

“सर, तुम्ही ना, चांगल्या गोष्टीतली हवा काढून घेता.”

“कोश गोष्टींवर चालत नाही. पुरावा आणा, छापतो.”

टंकलेखक बसला आणि त्यानं रागारागानं कागद यंत्रात सरकवला. ताई शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभी होती. ती नुसती हसली. हातात ‘ह’चा शेवटून तिसरा खण होता.

कोशाच्या कचेरीत एकच लांब खोली, आणि त्या खोलीची एक अख्खी भिंत खणांची. खिडकीपाशी ‘अ’ आणि दारापाशी ‘ह’. खणांत कार्डं, कार्डांवर शब्द, आणि प्रत्येक शब्दाखाली तो कुणी, कधी, कुठे वापरला त्याची नोंद. ताई इथं लागली तेव्हा खिडकीपाशी उभी होती. आता दारापाशी आली होती. मधलं अंतर पंधरा पावलांचं. ते चालायला तिला एकतीस वर्षं लागली. ‘क’ चालू असताना तिचं लग्न जमता जमता मोडलं. ‘प’मध्ये चष्मा लागला. ‘म’च्या शेवटी आई गेली. ‘र’ला गावाकडे पूल झाला, आणि ‘श’ला बाबा आपली वळकटी घेऊन कायमचे तिच्याकडे राहायला आले. कुणी तिला एखादी जुनी गोष्ट विचारली की ती आधी अक्षर आठवायची, मग वर्ष.

शुक्रवारी कोशाच्या शेवटच्या पानांचा फर्मा छापखान्यात जाणार होता. मग खण रिकामे होणार, भिंत भिंतीसारखी दिसणार, आणि ताई घरी बसणार.

“पण गंमत बघा,” सर म्हणाले. त्यांनी मांडीवर एक जाडजूड परदेशी कोश घेतला होता. “यात एक तर्क दिलाय. हॅलो हा शब्द फोनच्या फार आधीचा. त्यांच्याकडच्या जुन्या हाकांशी त्याचं नातं असावं म्हणतात. आणि त्या हाका...” त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. “नदीच्या पलीकडे असलेल्या नावाड्याला बोलवायला मारायच्या. होडी घेऊन ये, मला ने, अशा अर्थानं.”

“म्हणजे फोनवाल्या मैत्रिणीऐवजी नावाडी?” टंकलेखकाचं तोंड कडू झालं. “काय मजा राहिली मग!”

ताईनं खण आत सरकवला. तो नेहमीसारखा गेला नाही, मधेच अडला. तिनं पुन्हा ढकलला.

*

कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं, की ताईचे बाबा नावाडी होते. नोकरीच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात तिनं ‘जलवाहतूक’ असं लिहिलं होतं. तेव्हा ते लिहिताना तिला हुशारी वाटली होती.

घर अलीकडच्या काठावर, धक्क्याला लागूनच. लहानपणी ती हाकेवरून माणूस ओळखायची. पलीकडून बारीक, तुटक हाक आली की समजावं, सुईणबाई, आणि बाबांनी हातातला घास टाकून उठावं. लांबट, हेल काढून आली की कापडवाला. शाळेच्या मास्तरांना ओरडायची भारी लाज; ते नुसती छत्री हलवत उभे राहायचे आणि कुणाचं लक्ष गेलं नाही तर तासभर तसेच. आई भांडी घासता घासता गुणगुणायची,

पल्याडून आली हाक, हाकेला गं नाही नाव
ज्याला ऐकू आली त्याचा तोच सोयरा, तोच गाव.

बाबांना अक्षर येत नव्हतं. पण मुलीला त्यांनी शहरात शिकायला ठेवलं. वसतिगृहाच्या जिन्याखाली एक काळा फोन होता, आणि तो वाजला की मुली धावत सुटायच्या. ‘हॅलो?’ शेवटी जरासा उचललेला आवाज, मान तिरकी, वेणी पुढे. हा शब्द तिला अत्तराच्या फायासारखा वाटला. तिला कुणाचा फोन येण्याची शक्यता नव्हती, तरी तिनं तो आरशासमोर घोकला. तो नीट जमला त्या दिवशी आपण गावाच्या पार निघून आलो, असं तिला वाटलं.

दुसऱ्या वर्षी मैत्रिणींनी सहलीचा बेत केला, होडीनं नदी ओलांडून एका टेकडीवर. नदी तिच्याच गावची निघाली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. बस त्यांना पलीकडच्या काठाला सोडून गेली. होडी अलीकडे धक्क्याला बांधलेली.

“आता याला बोलवायचं कसं?” एक म्हणाली.

“फोन लाव की!” दुसरी म्हणाली, आणि तिनं मूठ कानाला लावली. “हॅलोऽ! हॅलोऽऽ, होडीवाले!”

मग चौघीही मुठी कानाला लावून ओरडायला लागल्या, आणि हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. ती पाचवी. ती चपलेचा बंद सारखा करत बसली.

होडी आली. बाबांनी टोक वाळूत रुतवलं, वर पाहिलं. त्यांची नजर चौघींवरून फिरत पाचवीवर आली. क्षणभर त्यांचा सगळा चेहरा उजळला. आणि मग त्यांनी तिचा चेहरा वाचला. न शिकलेला माणूस, पण तेवढं त्यांना वाचता आलं.

“या,” ते सगळ्यांना म्हणाले. मग तिच्याकडे वळून, “बसा बाई. जपून. मधे बसा.”

बसा. जन्मात तिला त्यांनी ‘बस गं’शिवाय काही म्हटलं नव्हतं. पूर्ण नदीभर ते पाण्याकडे बघत वल्ही मारत राहिले. उतरताना एक मैत्रीण म्हणाली, “किती सभ्य आहे ना बिचारा.”

या गोष्टीला पस्तीस वर्षं होऊन गेली. बापलेकीत त्याबद्दल एक शब्द निघाला नाही.

*

“आपल्याकडे काय?” ताईनं सरांना विचारलं. शिडी उतरून ती त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. “आपल्याकडेही नद्या होत्या. नावाड्याला हाक मारत असतीलच की.”

“असतील. पण कुठल्या पुस्तकात सापडलीय का तुम्हाला तशी हाक?”

“पुस्तकात कोण लिहिणार, सर?”

“मग ऐकीव नोंद आणा. ज्यानं ती हाक ऐकलीय असा माणूस शोधा, कार्ड भरा. हॅलोच्या खाली ‘तुलना करा’ म्हणून एक ओळ देऊ.” सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, जणू ते दिवस दाखवतं. “आज बुधवार. शुक्रवारी बाराला माणूस येतो फर्मा न्यायला.”

एक ओळ. सात खंड, दीड लाख शब्द, आणि त्यात बाबांच्या पन्नास वर्षांची एक ओळ. ताईला एकदम तहान लागल्यासारखं झालं.

ऐकीव नोंदीचं कार्ड फिकट पिवळं असे. बोलणाऱ्याचं वय, धंदा, त्याचं वाक्य जसंच्या तसं. आणि अगदी तळाला एक रकाना : ‘संकलकाशी नातं’. हा रकाना ‘ख’च्या सुमाराला आला. त्याआधी जो तो आपल्या आईचे, मावशीचे, सासूचे शब्द आणून खणांत घालायला लागला होता. कुणाच्या घरात बाळाला न्हाऊ घालताना म्हणायचा शब्द, तर कुणाच्या घरात रुसलेल्या माणसाला म्हणायचा. सर वैतागले. त्यांनी नियम केला : घरचा साक्षीदार चालणार नाही. आणि तो नियम पाळायचं काम लाल पेन्सिलीसकट ताईकडे दिलं. तिनं तो असा पाळला की टंकलेखकाच्या आजीचा एक शब्द तिनं तीनदा बाद केला होता.

“माझ्या आजीला मारलंत तुम्ही, ताई,” तो अजून म्हणायचा.

“आजी तर आधीच गेली होती ना रे तुझी?”

“घरी गेली होती. कोशात तुम्ही मारलीत.”

*

संध्याकाळी बाबा खिडकीशी आपल्या लोखंडी खाटेवर बसले होते. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं शरीर. खांदे मात्र अजून रुंद, एखाद्या मोठ्या माणसाचे उसने आणून लावल्यासारखे. ताईनं चहा दिला, स्टूल ओढलं आणि कोरं कार्ड मांडीवर घेतलं.

“बाबा, एक विचारते. पलीकडून लोक तुम्हाला हाक मारायचे, ती नेमकी काय?”

“का गं? पूल पडला की काय?”

“पडला नाही हो. आमच्या पुस्तकात घालायचीय.”

बाबांनी कप खाली ठेवला. बराच वेळ आठवल्यासारखं केलं, पण आठवायची त्यांना गरज नसावी. “तसं ठरलेलं काही नव्हतं. कुणी होऽ म्हणायचं, कुणी हेऽ. कुणी माझं नाव घ्यायचं. पण नाव काही पोचायचं नाही. पाण्यावरून येताना शब्द भिजतो पोरी. शेपूट तेवढं हाताला लागतं.”

ती भराभर लिहीत होती. “आणि अर्थ? होडी घेऊन या, असाच ना?”

“छे.”

तिचं पेन थांबलं.

“होडी तर येणारच की. माझं कामच ते. ते ओरडणाऱ्यालाही ठाऊक असतं.” बाबांनी बोटानं खिडकीची कड चाचपली. “पण पलीकडे एकटं उभं राहिलं ना, की माणसाला वाटतं, आता जगात आपल्याखेरीज कुणीच नाही. समोर हे एवढं पाणी. म्हणून ओरडतं ते. कुणी आहे का, म्हणून. मी इकडून ओ दिली की निम्मं काम झालं. मग होडी उशिरा गेली तरी कुणी रागवायचं नाही.”

“एवढं तुम्हाला हाकेवरून कळायचं?”

“न मारलेली हाकसुद्धा कळायची.” ते हसले. मग अगदी सहज, चहाबद्दल बोलावं तसं म्हणाले, “एकदा चार पोरी ओरडत होत्या पलीकडून. मुठी कानाला लावून. पाचवी गप्प होती. मी तिच्यासाठी आलो.”

खोलीत खालच्या रस्त्यावरचा आवाज येत होता. कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ताईनं मान वर केली नाही. कार्डावर लिहिलेल्या एका शब्दावर तिनं दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा पेन फिरवलं.

“साखर कमी पडली गं चहात,” बाबा म्हणाले.

ती साखर आणायला उठली, ते बरं झालं.

*

शुक्रवारी सकाळी तिनं पिवळं कार्ड सरांच्या टेबलावर ठेवलं. वय अठ्ठ्याऐंशी. धंदा नावाडी. आणि बाबांचं वाक्य जसंच्या तसं : ‘कुणी आहे का, म्हणून ओरडतं ते.’ सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला.

“ताई,” ते म्हणाले, “एकतीस वर्षांत अर्थ सांगणारं असं कार्ड माझ्या हातात आलं नाही. फोनवर आपण तरी दुसरं काय विचारतो? कोण सापडला हा माणूस तुम्हाला?”

“सापडला,” ताई म्हणाली.

“घालू या. जरूर घालू या.” त्यांनी कार्डाचा तळ पाहिला. “हा रकाना राहिलाय.”

“हो.”

सर थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिले. आयुष्यभर शब्दांकडे पाहिलेला माणूस; न लिहिलेलंही त्यांना दिसायचं. त्यांनी कार्ड हळूच तिच्या बाजूला सरकवलं. “सावकाश भरा. बाराला वेळ आहे अजून. आणि तुम्ही जे लिहाल ते मी काही ताडून बघत बसणार नाही.”

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. टंकलेखकाला कसला वास लागला कोण जाणे, तो मागून येऊन वाकून बघायला लागला. धंद्याचा रकाना त्यानं वाचला, मग खालचा कोरा रकाना पाहिला, मग तिच्याकडे.

“तुमचे बाबा?” त्यानं अगदी हळू विचारलं.

तिनं दौत जवळ ओढली.

“ताई, ‘नाही’ लिहा आणि मोकळ्या व्हा. दोन अक्षरं. कोण बघतंय?”

“तुझ्या आजीच्या वेळी मी बघत होते.”

“आजीचं जाऊ द्या हो. माझी आजी तसा शब्द वापरायचीच नाही, मला हौस होती म्हणून आणला होता.” आपण काय बोलून गेलो ते ध्यानात येऊन तो गोरामोरा झाला. “पण हे खरं आहे ना? खरं आहे म्हटल्यावर छापू द्या की!”

खरंच होतं. त्यामुळेच तर ते इतकं कठीण होतं. ‘नाही’ लिहिलं की बाबा कोशात जाणार होते. शंभर वर्षांनी कुणी एखादं पोर ‘हॅलो’ शोधायला ग्रंथालयात जाईल आणि त्या शब्दाखाली त्याला एक नदी सापडेल, एक काठ सापडेल, ओ देणारा माणूस सापडेल. फक्त एवढंच करायचं होतं, की हा आपला कुणी नाही, असं आणखी एकदा म्हणायचं. या वेळी कुणी हसणार नव्हतं. बाबांनाही कळणार नव्हतं. त्यांना वाचता कुठे येत होतं!

खिडकीपासून दारापर्यंत खण बंद होते. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. जिन्यावर छापखान्याच्या माणसाच्या चपला वाजल्या.

ताईनं दौतीचं टोपण उघडलं. टाक बुडवला आणि रकान्यात लिहिलं. तिचं अक्षर एरवी बारीक, कार्डात मावणारं. हा शब्द जरा मोठा आला. मग तिनं शाई वाळू दिली, टेबलाच्या खणातून लाल पेन्सिल काढली आणि कार्डावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेघ मारली. पट्टी न लावता.

सरांनी दुरून पाहिलं. छापखान्याच्या माणसाच्या हातात त्यांनी फर्मा दिला. ‘हॅलो’पुढे कंसात ‘इंग्रजी’ एवढंच लिहिलेलं होतं, त्याखाली दूरध्वनीवरचा अर्थ, त्याखाली पुढचा शब्द.

टंकलेखकानं यंत्रावर खटखट सुरू केली. बराच वेळ. यंत्रात कागद नव्हता.

*

“झालं का माझं काम?” बाबांनी विचारलं. तिनं पिशवी खुंटीला अडकवली नव्हती, तोवरच. म्हणजे ते दोन दिवस वाट पाहत होते.

“नाही झालं, बाबा.”

“का? चुकीचं सांगितलं का मी?”

“नाही. सरांना फार आवडलं.”

“मग?”

“आमच्यात नियम आहे. घरच्या माणसाचं घेत नाहीत.” ताईनं कार्ड पिशवीतून काढलं. “तुम्ही माझे कोण ते लिहावं लागतं. मी लिहिलं. म्हणून गेलं.”

बाबांना हे नीट समजायला थोडा वेळ लागला. तिच्या हातातल्या पिवळ्या तुकड्याकडे ते बघत राहिले, पाण्यावर काही तरंगत येताना दिसलं की बघायचे तसे.

“लिहिलंस तू?”

“हो.”

“सगळ्यांच्या देखत?”

“हो.”

“शाईनं?”

“शाईनं, बाबा.”

त्यांनी हात पुढे केला. तिनं कार्ड दिलं. ते उलटं धरलं गेलं होतं; तिनं सुलटं करून दिलं. लाल रेघेबद्दल त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “कुठंय ते? दाखव.”

ताई खाटेवर त्यांच्या शेजारी बसली. वल्ह्यानं घट्टे पडलेलं त्यांचं बोट तिनं धरलं आणि कार्डाच्या तळाशी नेऊन त्या तीन अक्षरांवर टेकवलं.

“इथं?”

“इथं.”

“एवढ्यात मावलो होय मी?” ते म्हणाले.

खाली रस्त्यावर दिवे लागले. आतला दिवा लावायला हवा होता, पण बोट अजून तिथंच होतं, म्हणून ती उठली नाही.